संशोधक विद्यार्थीही श्रमिकच

लोणच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या माईनमुळ्यातून मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रातील रसायनज्ञांनी सत्तरच्या दशकात फोर्स्कोलिन वेगळे केले. पेशींतील संदेशवहनाच्या अभ्यासासाठी ते आजही जगभर वापरले जाते. केंद्राचे भवितव्य मात्र शोधाच्या मोलावर नव्हे, मालकांच्या हिशेबावर ठरले. १९९८ मध्ये ते निकोलस पिरामलकडे गेले. गोरेगावला १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालेले सिबाचे केंद्र तर पुढे बंदच पडले.

खाजगी प्रयोगशाळांचा भरवसा हा असा. मग रसायनशास्त्रात वा रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट करू पाहणाऱ्या तरुणाला आधार उरतो तो सरकारी संशोधन शिष्यवृत्तीचा. पहिल्या दोन वर्षांसाठी ती २०१९ पासून दरमहा ३१,००० रुपये होती. संशोधकांनी आंदोलने केल्यावर २०२३ मध्ये ३७,००० झाली. मधल्या चार वर्षांत घाटकोपर-मुलुंडची घरभाडी थांबली होती काय? घरभाडे भत्ता मिळतो खरा, पण तोही याच गोठलेल्या रकमेच्या टक्केवारीने. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. दिवसभर विद्रावकांच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या संशोधकाला तो नाही, कारण कागदोपत्री तो विद्यार्थी!

शिष्यवृत्ती महागाई निर्देशांकाशी जोडलीच पाहिजे. आणि तोवर कामगार संघटनांनी आपल्या सभासद-नोंदणीच्या वहीत या मंडळींसाठी एक पान उघडावे.