होडीचे इंजिन आणि किनाऱ्यावरची मुले

गेल्या ऑक्टोबरात मालवणच्या किनाऱ्यावर एक होडी रेतीत ओढून ठेवलेली आम्ही पाहिली. हवा निवळली होती, बांगडा जवळ आल्याची वार्ता गावभर झाली होती, आणि तरीही ती होडी दोन दिवस जागची हलली नाही. तिच्या मागच्या फळीला अडकवलेले आऊटबोर्ड इंजिन तापून बंद पडले होते आणि ते उघडू शकणारा मेकॅनिक दुसऱ्या गावी गेला होता. तो आला तेव्हा त्याने खालच्या भागातून एक फाटलेले रबरी चक्र बाहेर काढले. समुद्राचे पाणी वर खेचून इंजिन थंड ठेवणे एवढेच त्या चक्राचे काम. ते नीट चालले म्हणजे इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत राहते. धार थांबली की इंजिन तत्काळ बंद करायचे. होडीच्या मालकाचा दहावीतला मुलगा हे सारे लक्षपूर्वक ऐकत होता. ती धार त्याने लहानपणापासून पाहिली होती. ती कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

अर्थशास्त्राच्या अध्यापनात आम्ही आयुष्य घालवले, म्हणून या दोन दिवसांचा हिशेब करण्याचा मोह आवरत नाही. रबरी चक्राची किंमत इंजिनाच्या किमतीच्या मानाने नगण्य. परंतु होडीवरच्या माणसांना रोजंदारी नसते, वाटा असतो. मासळी नाही तर वाटाही नाही. ती मासळी टोपलीत घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचे दोन दिवस कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत. इंजिन कर्जाने घेतलेले असेल तर व्याज मात्र दोन दिवस थांबत नाही. आणि कर्ज व्यापाऱ्याचे असेल तर पुढची मासळी त्याच्याच भावाने त्यालाच द्यावी लागते. यंत्र कोळ्याच्या नावावर आहे, एवढ्यावरून तो यंत्राचा धनी झाला असे समजणे ही कायद्याची भाषा झाली.

१९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला. अल्प भांडवलाचे, गावात चालणारे, माणसाला बेकार न करणारे यंत्र त्यांना अभिप्रेत होते. आऊटबोर्ड इंजिन हे आकाराने तसे यंत्र खरेच आहे. केरळच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात ते झपाट्याने पसरले, कारण ट्रॉलरने किनाऱ्याजवळचे पाणी खरवडून नेल्यावर वल्ह्याच्या होडीला दूर जाण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. यंत्राने अंतर दिले. त्याबरोबर परदेशी सुट्या भागांचे आणि इंधनाचे परावलंबनही दिले. तेथील मच्छीमार संस्थांच्या दक्षिण भारतीय महासंघाने हे वेळीच ओळखले आणि होड्या बांधण्याबरोबर इंजिनांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळाही हाती घेतल्या. सहकाराच्या नावाने केवळ डिझेलचा परतावा वाटणाऱ्या आपल्याकडील संस्थांनी हे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

आमचे म्हणणे असे की किनाऱ्यावरच्या चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना हे इंजिन उघडायला, समजून घ्यायला आणि दुरुस्त करायला शिकवले पाहिजे. यावर आमच्याच काही मित्रांचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. कोळ्याच्या मुलाच्या हाती पाना आणि इतरांच्या मुलांच्या हाती पुस्तक, ही जुनीच वाटणी नव्या नावाने येते आहे, असे ते म्हणतात. मद्रास प्रांतात १९५३ साली राजाजींनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची करून उरलेला वेळ मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती रद्द केली. तो विरोध योग्यच होता.

म्हणूनच आम्ही शाळेच्या तासाला हात लावू देणार नाही. हा वर्ग शाळेबाहेरचा, पण शाळेच्या विज्ञानाशी जोडलेला हवा. दोन फेऱ्यांच्या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल का मिसळतात, साधारण पन्नास लिटरला एक लिटर हे प्रमाण चुकले तर प्लग काजळतो किंवा दट्ट्या धरतो तो का, खालच्या गिअरचे तेल दुधासारखे पांढरे झाले म्हणजे पाणी कोठून शिरले, मिठाच्या पाण्यात जस्ताचा तुकडा स्वतः झिजून उरलेल्या धातूला कसा वाचवतो, हे भौतिक आणि रसायनच आहे. आणि वर्ग कोळीवाड्यापुरता ठेवू नये. बाजारपेठेतील वकिलाचा मुलगाही त्या बाकावर बसावा. मुलींविषयी वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

(आऊटबोर्ड इंजिनाला १९०९ पासून बाजारात नेणारा ओले एव्हिनरूड हा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी तो यंत्रशाळेत कामाला लागला आणि अभियांत्रिकी स्वतःच शिकला. अशा एकट्याच्या चिकाटीवर विसंबणे ही भांडवलशाहीची आवडती गोष्ट. आम्हांला त्या वयाच्या प्रत्येक मुलासाठी वर्ग हवा.)

सरकार काहीच करत नाही असे नाही. मत्स्यव्यवसाय विभागाच्या केंद्रांत नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. मात्र तो अभ्यासक्रम प्रौढ मच्छीमारांसाठी आहे आणि फळीला टांगायच्या छोट्या इंजिनाचे नाव त्याच्या शीर्षकात नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जावे असे म्हटले आहे. दहा दिवसांत इंजिनाचा आवाज ओळखीचा होईल, इंजिन नव्हे.

वेळ मात्र निसर्गाने आणि कायद्याने आयती दिली आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. इंजिने घरी येतात, अनेकदा मीठ न धुताच कोपऱ्यात पडतात आणि ऑगस्टमध्ये दोरी ओढूनही सुरू होत नाहीत. तीच संध्याकाळची वेळ वर्गाची. लागते फार थोडे: एक शेड, लाकडी घोडी, गोड्या पाण्याचे पिंप, पाने, आणि भंगारात काढलेली दोन इंजिने. पंखा उतरवून ठेवल्याखेरीज विद्यार्थ्यांसमोर इंजिन सुरू करायचे नाही आणि पेट्रोलजवळ विडी चालणार नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी. शिक्षक म्हणून गावातला मेकॅनिकच बोलवावा, आणि त्याला मानधन द्यावे. पोटावर पाय येईल अशी त्याची भीती असेल तर ती लपवून न ठेवता त्याच्याशी बोलावे. मोठी दुरुस्ती त्याच्याकडेच राहणार आहे.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आणि पालघरमधील आमच्या कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या आत आपापल्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत हा विषय मांडावा. शेड आणि दोन जुनी इंजिने, इतकेच प्रथम मागावे. मुख्याध्यापकांची भेट घेताना मुलांची यादी आपण न करता त्यांना करू द्यावी, आणि त्या यादीत निम्मी नावे मुलींची आहेत की नाहीत ते पाहावे.