काहींच्या दुर्बलतेस्तव

दोन धर्मांमधील वैर सर्वांच्या डोळ्यांस दिसते. त्याच्या बातम्या होतात, ते मिटविण्यासाठी सभा भरतात. परंतु एकाच देवाचे नाव घेणाऱ्या व एकाच ग्रंथास प्रमाण मानणाऱ्या दोन माणसांपैकी एक जेव्हा दुसऱ्याच्या कातडीचा रंग पाहून त्याच्या पंक्तीस बसण्याचे नाकारतो, तेव्हा त्या वैरास कोणी वैर म्हणत नाही. त्यास ‘रूढी’ म्हणतात, ‘सोय’ म्हणतात; फार झाले तर ‘समाजाची अजून तयारी नाही’ असे म्हणतात. हे सभ्य शब्द उघड द्वेषाहूनही किती घातक ठरतात, याचा दाखला दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या इतिहासात जितका स्वच्छ सापडतो, तितका अन्यत्र क्वचितच सापडेल. तो आमच्या वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

१६५२ साली डच लोकांनी केप येथे ठाणे घातले व त्यांच्याबरोबर त्यांचे चर्चही तेथे गेले. पुढे तेथील मूळ रहिवासी व परदेशांतून आणलेले गुलाम यांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग प्रभुभोजनाच्या वेळी गोऱ्यांनी व इतरांनी एकत्र बसावे की निरनिराळे, असा प्रश्न निघाला. १८२९ साली त्या चर्चच्या सभेने निःसंदिग्ध निकाल दिला की, रंग वा कूळ यांचा भेद न करता सर्वांस एकाच वेळी प्रभुभोजन द्यावे. हा निकाल झाला तेव्हा केपमध्ये गुलामगिरी कायद्याने चालू होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. आणि जे काम आजवर बेडी करीत होती ते पुढे भिंतीकडून करवून घ्यावे, असे गोऱ्या उपासकांपैकी काहींस वाटू लागले. अखेर १८५७ साली तोच प्रश्न पुन्हा सभेपुढे आला.

१८५७ चा ठराव कायद्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. त्यात भेदभावाचे समर्थन नाही. उलट, नवख्रिस्ती बांधवांस चालू मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट व शास्त्रसंमत आहे, असे तो प्रथमच सांगतो. मात्र लगेच पुढे अपवाद येतो : जेथे काहींच्या दुर्बलतेस्तव असे करण्याने धर्मकार्यात अडथळा येईल, तेथे अशा बांधवांनी स्वतंत्र इमारतीत उपासना करावी. तत्त्व शाबूत आणि व्यवहार मोकळा! ही दुर्बलता कोणाची? काळ्या माणसाशेजारी बसवत नाही अशा गोऱ्याची. आणि तिच्यापायी देवळाबाहेर कोणी जावयाचे? काळ्याने. रोग एकाचा व लंघन दुसऱ्यास, असा हा न्याय होता. शिवाय ही दुर्बलता किती वर्षांत बरी व्हावी, तोवर तिच्यावर इलाज कोणी करावा, याविषयी ठरावात अवाक्षर नव्हते.

व्यापारी वाचकांस ठाऊकच आहे की, जिच्या फेडीची मुदत ठरलेली नाही अशी उधारी हळूहळू देणगी होऊन बसते. कायदा मात्र या बाबतीत सावध असतो. शेजाऱ्यास आपण आपल्या अंगणातून परवानगीने जाऊ दिले, तर तो वीस वर्षे गेला तरी त्यास वहिवाटीचा हक्क मिळत नाही; १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यान्वये तो वापर हक्काच्या नात्याने झालेला असावा लागतो. साध्या पायवाटेसंबंधी जी दक्षता कायदा घेतो, ती त्या धर्मसभेने माणसांच्या प्रतिष्ठेसंबंधी घेतली नाही. परवानगी म्हणून दिलेली गोष्ट तिने हक्क होऊ दिली, आणि पुढे हक्काचे शास्त्र होऊ दिले.

क्रम पाहण्यासारखा आहे. १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी निराळे ‘मिशन चर्च’ स्थापन झाले. १९१० पासून काळ्यांसाठी तिसरे उभे राहू लागले. १९६८ साली तेथील हिंदी ख्रिस्त्यांसाठी चौथे निघाले. गोपाळ कृष्ण गोखले ज्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यास १९१२ साली तेथवर गेले, त्यांच्यातील ज्यांनी ख्रिस्ताचा मार्ग धरला त्यांसही गोऱ्या ख्रिस्त्यांच्या शेजारी जागा मिळाली नाही! मध्यंतरी १९४८ साली नॅशनल पार्टीचे राज्य आले. तिचे पुढारी मलान हे स्वतः याच चर्चचे पूर्वीचे धर्मोपदेशक होते. आंतरवर्णीय विवाहांस बंदी, वर्णवार वस्त्या, जन्मापासून माणसाची वर्णनोंद, हे कायदे १९४९-५० या दोन वर्षांतच झाले. १९५७ साली तर गोऱ्यांच्या वस्तीतील प्रार्थनामंदिरांत काळ्यांस मज्जाव करण्याचा अधिकार सरकारने हाती घेतला. केपटाऊनचे अँग्लिकन आर्चबिशप क्लेटन यांनी हा कायदा आम्ही पाळू शकत नाही, असे पंतप्रधानांस पत्र लिहिले व दुसऱ्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले. डच चर्चने मात्र १९७४ साली वंशभेदास बायबलाचा आधार दाखविणारा प्रबंध मान्य केला. १८५७ साली जी दुर्बलता होती, ती १९७४ साली सिद्धांत झाली.

काही सज्जन म्हणतात की, यात धर्माचा दोष नाही. राजकारणाने धर्मास बाटविले. आम्हांस हे मान्य नाही. तारखाच साक्ष देतात : चर्चने भिंत घातली १८५७ साली, वंशभेदाचे राज्य आले १९४८ साली. सरकारने जे देशभर केले त्याचा नमुना एक्याण्णव वर्षे आधी देवळात तयार होता. ज्या मुलाने दर रविवारी निरनिराळी दारे पाहिली, तो मोठा होऊन आगगाडीस व शाळेस निरनिराळी दारे करील यात नवल ते काय?

तथापि त्याच धर्मातून प्रतिकारही उठला, हे सांगितले नाही तर आमच्याकडून अन्याय होईल. बायर्स नौदे या गोऱ्या धर्मोपदेशकाने आपले पद गमावले व १९७७ ते १९८४ अशी सात वर्षे सरकारी निर्बंध सोसले. १९८२ साली ओटावा येथे जागतिक रिफॉर्म्ड संघाने वंशभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड ठरविले, त्या चर्चचे सभासदत्व तहकूब केले आणि वेगळ्या ठेवलेल्या ‘मिशन चर्च’मधील अ‍ॅलन बोएसाक यांस अध्यक्ष निवडले. १९८६ साली त्या मिशन चर्चने बेल्हार येथील ऐक्याचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच वर्षी गोऱ्या चर्चनेही सर्व वर्णांस दार उघडले. तेव्हा १९८७ साली काही गोरे बाहेर पडले व त्यांनी केवळ गोऱ्यांचे नवे चर्च काढले. एकशेतीस वर्षे सांभाळलेली दुर्बलता ती हीच! १९९४ साली मिश्रवर्णीयांचे व काळ्यांचे चर्च एक झाले. परंतु त्यांचे व जुन्या गोऱ्या चर्चचे मीलन अद्यापि बोलण्यातच आहे. राज्यातील वंशभेद गेला. देवळातील भिंत त्याहून चिवट निघाली.

आफ्रिकेचे हे रडगाणे आमच्यापुढे कशास, असे कोणी विचारील. वर्ण व वंश एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण सबबीची भाषा एकच आहे. १९३० साली नाशिकास काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ‘लोकांची अजून तयारी नाही’ हेच उत्तर मिळाले. १९३५ साली येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले व १९५६ साली नागपुरास लाखो अनुयायांसह ते बौद्ध झाले. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार उघडण्यास १९४७ साली साने गुरुजींस प्राण पणास लावावे लागले. दुर्बलांची मर्जी राखताना समाजाने कोणास गमाविले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली. परंतु ज्या गावी स्मशान निराळे आहे, तेथे १८५७ चा ठराव न लिहिताच अमलात आहे.

यास्तव आमचे सांगणे इतकेच की, कोणत्याही धर्मसंस्थेने, मग ती देवळाची असो, चर्चची असो वा मशिदीची, ‘तूर्त सोय’ म्हणून भेद पुढे आणला की तिच्या सभासदांनी तीन प्रश्न विचारावे : दुर्बलता कोणाची, तिची किंमत कोण भरतो, आणि मुदत किती? या तिहींचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर तो ठराव त्याच सभेत फेटाळावा. पुढच्या सभेपर्यंत थांबण्याची किंमत कधी कधी सव्वाशे वर्षे असते.