शहर कधी शिकायचे?

‘शहर हा काय पदवीचा विषय झाला? शहरात राहिले की ते आपोआप कळते!’ असे सांगणारे विद्वान मला नेहमी भेटतात. अहो, शरीर तर जन्मापासून आपल्याजवळ आहे. मग वैद्य कशाला हवा? मोहेंजोदडोची गटारे आमच्या बी.ए.च्या मुलाला तोंडपाठ असतात. स्वतःच्या गल्लीतले गटार कोठे जाते, ते विचारून पाहा!

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधारणेसाठी ट्रस्ट निघाला. त्याने दाटीची घरे पाडली. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि दाटी तेथे वाढली. आधी पाहणी, मग आराखडा, हे पॅट्रिक गेडीस यांचे सूत्र. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राबरोबर नागरिकशास्त्रही शिकवायला त्यांनाच नेमले होते. आज ते नागरिकशास्त्र शाळेत इतिहासाच्या शेपटाला बांधलेले दिसते.

‘नगररचनेची पदवी आहे की!’ आहे, पण ती आराखडे काढणाऱ्यांची. त्या आराखड्यावर हरकत घेणाऱ्याला कोण शिकवणार? २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातील शंभरांतली पंचेचाळीस माणसे शहरांत होती. त्यांच्या मुलांना बी.ए.ला हा विषय द्या, आणि पहिले वर्षभर एकच वॉर्ड पायी हिंडवा.