कोल्हापुरी चपलेसाठी तुमचे दोन तास द्या

कोल्हापूरकरांनो, आणि कोल्हापुरी घालून पुण्या-मुंबईत, लंडनला, न्यू जर्सीत मिरवणाऱ्या सगळ्यांनो, दोन मिनिटं थांबा. ही चप्पल बनवणारी घरं अडचणीत आहेत. कौशल्य तिथं भरपूर आहे. कमी पडतोय तो हिशेब, कागद आणि वेळेवर हातात पडणारा पैसा. आणि या तिन्ही गोष्टींत तुम्ही मदत करू शकता.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली, तेव्हा तुम्ही चिडलात. योग्यच केलंत. कंपनीला ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य करावं लागलं. ते तुमच्या आवाजामुळे झालं. आता तोच आवाज घेऊन जरा जवळ जा. ही चप्पल बनते त्या सुभाषनगरला जा. कापशीला जा.

तिथं काय दिसेल? हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं. रापीने कापलेले तळ. थरावर थर ठेवून ठोकणारा बाप, आणि उंबऱ्याजवळ बसून चामड्याच्या बारीक वादीने वेणी घालणारी आई. अस्सल चपलेत खिळा नसतो, सगळी शिलाई वादीची. पट्टा, अंगठा, कान, गोंडा, एकेक भाग हाताने होतो. त्या आईला विचारा, ‘मावशी, किंमत लावताना वेणीचे किती धरलेत?’ उत्तर येईल, ‘घरचंच काम हाय की, त्याचं काय धरायचं?’

धोका इथंच आहे. चामडं रोखीने येतं आणि तयार माल उधारीवर जातो. बाईची मजुरी हिशेबात येतच नाही. व्यापारी जो भाव सांगेल तो घ्यावा लागतो, आणि पैसे तो देईल तेव्हा. मधल्या काळात मुलीची फी, आजारपण, सणवार. मग दारात सावकार येतो. मुलगा हे लहानपणापासून पाहतो आणि एक दिवस रापी खाली ठेवून एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागतो. त्याला दोष देऊ नका. आज्याकडून बापाकडे आणि बापाकडून पोराकडे आलेला हात त्या घरात थांबला, तर तो कोणत्याही वर्गात पुन्हा शिकवता येणार नाही.

तुम्ही निवृत्त बँक कर्मचारी आहात? दोन तास द्या. एका वहीत तीन रकाने आखा: कच्चा माल, मजुरी, उधारी. मजुरीत बाईचे दिवस धरायला लावा. पहिल्यांदा खरा खर्च डोळ्यांसमोर आला की तो कारागीर व्यापाऱ्याशी वेगळ्या आवाजात बोलतो.

तुम्ही अकाउंटंट आहात? कारागिराची उद्यम नोंदणी करून द्या. ती मोफत आहे. तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, त्यालाही देऊ देऊ नका. या नोंदणीचं मोल मोठं आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचा माल घेणाऱ्याला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागू होतं. हा कायदा आपल्या बाजूने उभा आहे हे किती घरांत माहीत आहे? तुम्ही सांगितलंत तरच कळणार. आणि बिल लिहायला शिकवा. तोंडी व्यवहारावर कायदा चालवणं फार अवघड असतं.

दुसरा धोका बाजारात उघड्यावर आहे. रेक्झिनचा तळ, छापील पट्टा, आणि वर पाटी ‘अस्सल कोल्हापुरी’. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात आहेत. पण मानांकन मिळालं म्हणजे सगळं झालं असं नाही. कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवायला हवं. अर्ज आणि कागदपत्रं पाहून बरेच जण मागे फिरतात. कॉलेजच्या मुलांनो, तुमच्या मोबाईलवर हे काम करून द्या. फोटो काढा, फॉर्म भरा, वाचून दाखवा, मगच सही घ्या.

प्रशिक्षणाची सोयही आहे, फक्त तिथवर नेणारं माणूस हवं. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात चप्पल बनवणारेही येतात. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. सावकाराच्या दाराशी जाणाऱ्या घराला हे कर्ज किती मोठा आधार आहे, विचार करा. पण या योजनेची आर्थिक तरतूद 2027-28 पर्यंतच आहे. म्हणून आज विचारा. जवळच्या सामान्य सेवा केंद्रात (सीएससी) नोंदणी सुरू आहे का, पाहा. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, हे आधी समजावून सांगा. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतही (आरसेटी) प्रशिक्षण मोफत असतं, राहण्याजेवणासह. तिथं धंदा कसा चालवायचा हे शिकवतात. मुलगा जाईल, आणि सूनही. त्यांना पाठवा. पहिल्या दिवशी सोबत जा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ही चप्पल आपण अभिमानाने घातली, पाहुण्यांना भेट दिली, लग्नात मिरवली. पण चर्मकार वस्तीत, ती बनवणाऱ्याच्या घरी बसून चहा कितीजण प्यायलो? शाहू महाराजांनी या कारागिरांना पाठबळ दिलं, हे आपण भाषणात सांगतो. त्या पाठबळाची आपल्या वाट्याची बाजू बरीच वर्षं राहून गेली आहे. ती आता उचला.

आणि विकत घेताना नीट घ्या. चामडं हातात घ्या. शिलाई वादीची आहे का, पाहा. कुणी बनवली, विचारा. जमलं तर थेट कारागिराकडून घ्या, आणि पैसे तिथंच रोख द्या. ‘नंतर देतो’ म्हणू नका. घासाघीस करू नका, तुम्ही कमी केलेले शंभर रुपये त्या बाईच्या वेणीतून जातात. परदेशी राहणाऱ्यांनो, एक जोड मागवण्याऐवजी मंडळाच्या कार्यक्रमासाठी पन्नास जोडांची ऑर्डर द्या. निम्मे पैसे आगाऊ द्या. त्या आगाऊ रकमेतून चामडं येतं आणि सावकाराकडे जावं लागत नाही.

तुम्ही चांगली माणसं आहात. आजवर कुणी सांगितलं नाही, एवढंच. आता सांगितलं आहे. एक घर निवडा. या रविवारी जा. वही, पेन आणि चार्ज केलेला मोबाईल सोबत न्या. पुढच्या रविवारी परत जा, आणि जाताना एका मित्राला घेऊन जा.