गणवेशाची सक्ती प्रथम कोणावर?

वाचकहो, शाळेतील मुलांना गणवेश सक्तीचा असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे दर जून महिन्यात पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबरच ओसरतो. एक पक्ष म्हणतो, गणवेशाने समता येते. दुसरा म्हणतो, गणवेश हा पलटणीचा पोशाख आहे, त्याने मुलाचे व्यक्तित्व दडपले जाते. दोन्ही पक्षांतील मंडळी बहुधा अशी असतात की, ज्यांच्या घरी मुलांच्या गणवेशाचे दोन जोड इस्त्री करून कपाटात ठेवलेले असतात. ज्याच्या घरी एकच जोड आहे आणि तोही रात्री धुऊन चुलीशेजारी वाळत घालावा लागतो, त्याला या वादात कोणी साक्षीला बोलावीत नाही. मी व्यवसायाने वकील आहे. ज्याचे नाव दाव्यात घातलेलेच नाही, अशा या पक्षकाराची बाजू मांडणे मला अगत्याचे वाटते.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. गणवेश असावा. कपड्यावरून माणसाची जात ओळखावी, अशी व्यवस्था या देशात शतकानुशतके चालली. कोणी कोणते कापड नेसावे, लुगडे कोठवर यावे, अंगावर कोणत्या धातूचे दागिने घालावे, हे सारे ठरवून दिलेले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जुन्या दागिन्यांची खूण टाकून देण्यास सांगितले. ती काही नटण्यामुरडण्याची शिकवण नव्हती. आणि ही गोष्ट जुनी झाली असे समजण्याचेही कारण नाही. तामिळनाडूतील शाळांत मुले जातीच्या रंगाचे पट्टे मनगटावर बांधून येत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्या घरात शिरून शाळकरी मुलांनीच कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्या. के. चंद्रू यांच्या समितीने २०२४ साली असे पट्टे, अंगठ्या व कपाळावरील जातदर्शक खुणा शाळेत बंद कराव्यात, अशी शिफारस केली. जेथे मनगटावरचा दोरासुद्धा जात सांगतो, तेथे सर्वांच्या अंगावर एकच कापड असणे ही चैन नव्हे. व्यक्तित्वाचा कैवार घेणाऱ्यांनी या मुलाला विचारावे.

इतके मान्य केल्यानंतर खरा प्रश्न सुरू होतो. हे कापड येते कोठून आणि ते मुलाच्या हातात कोणत्या रीतीने पडते?

मी निफाड तालुक्यातील एका खेड्यात शिकलो. वर्षातून एकदा गुरुजी वर्गात यादी घेऊन येत आणि म्हणत, 'सवलतीची मुले उभी राहा.' आम्ही उभे राहत असू. पाऊण वर्ग बसलेला आणि आम्ही आठ-दहा उभे. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांना तक्ता भरावयाचा होता. कापडाचा रंग साऱ्या वर्गाचा एकच असे, परंतु आमचे कापड कोठून आले हे त्या पाच मिनिटांत सर्वांना कळून चुकलेले असे. थोरल्या भावाची खाकी चड्डी आईने आखूड करून दिली, त्या वर्षी मला केवढे हलके वाटले होते! सवलतीच्या कापडापेक्षा ठिगळ बरे, असे दहा वर्षांच्या मुलाला वाटावे, यात त्या सवलतीचा न्याय आला.

ही माझ्याच बालपणीची गोष्ट असती तर मी ती सांगितली नसती. पुढे समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांना गणवेश मिळू लागला. हेतू उत्तम. परंतु त्याच वर्गातील बाकीची मुले वगळली गेली. त्यांत ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत काही केल्या चढले नाही, अशा शेतमजुरांची मुलेही होती. एकाच घरात बहिणीला गणवेश आणि भावाला नाही! त्या बापाचा राग शासनावर जावयास हवा होता. तो गेला शेजारच्या बाकावरील आमच्या मुलावर. जात पुसण्यासाठी दिलेले कापड जातवार यादीने वाटले की ते जातीची पावती होते. २०२३ साली राज्याने वगळलेल्या मुलांनाही आपल्या खर्चाने गणवेश देण्याचे ठरवले. माझ्या मते गणवेशाच्या बाबतीत अलीकडच्या काळात झालेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

कारण लगेच पुढचे नाटक उभे राहिले. 'एक राज्य, एक गणवेश' अशी घोषणा झाली. २०२४-२५ या वर्षी कापडाची खरेदी राज्य पातळीवरून आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या द्वारे बचत गटांकडून, असा घाट घातला गेला. चाळीस लाखांहून अधिक मुलांची मापे एका टेबलावरून घ्यावयाची म्हटल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. जूनमध्ये शाळा उघडल्या. १५ ऑगस्ट २०२४ चे झेंडावंदन असंख्य मुलांनी जुन्या वा घरच्या कपड्यांत केले. कोठे बाह्या लांब, कोठे कापड हलके, कोठे जोड आलाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने माघार घेतली आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. राज्याने एकतेचा आग्रह कापडाच्या छटेत धरला. वेळेवर मिळण्यात धरला असता तर चालले असते.

या खात्याची स्मरणशक्तीही अल्प आहे. २०१७ साली दोन गणवेशांचे ४०० रुपये थेट बँक खात्यात जमा करण्याची टूम निघाली होती. खाते उघडण्यासाठी आईने मजुरी बुडवून बँकेच्या फेऱ्या घालायच्या, आणि पदरी काय पडणार, तर ४०० रुपये! आता केंद्राची मर्यादा दोन जोडांना ६०० रुपये आहे. म्हणजे जोडामागे ३००. त्यात कापड, शिलाई, गुंड्या सारे आले. वाचकांनी मेनरोडवरील कोणत्याही दुकानात जाऊन एवढ्या पैशांत काय मिळते ते पाहून यावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९, कलम ३(२): प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यास अडथळा होईल असे कोणतेही शुल्क, आकार वा खर्च देण्यास बालक जबाबदार असणार नाही. 'खर्च' हा शब्द तेथे उगाच पडलेला नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर, २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत गेलेल्या बालकासही गणवेश विनामूल्य मिळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. कलम १७ मानसिक छळास मनाई करते. सबब, ज्या शाळेने कापड दिलेले नाही तिने कापड नसल्याबद्दल मुलास वर्गाबाहेर उभे करणे हे शिस्तपालन नसून कायदेभंग आहे. सक्ती या शब्दाचा रोख त्या अधिनियमात शासनाकडे आहे. तो फिरवून मुलाकडे केला जातो, एवढेच माझे भांडण आहे.

परंतु कायदा आठवीनंतर आपला हात काढून घेतो. दोन वर्षांमागे जुलैत नाशिकच्या न्यायालयात माझ्या टेबलाशी एक बाई आल्या. चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी नववीत गेलेली. आठवीपर्यंत गणवेश शाळेतून मिळाला. नववीला शाळा बदलली, रंग बदलला, आणि तिसऱ्या दिवशी मुलीला फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. बाई म्हणाल्या, 'वकीलसाहेब, मला केस नाही करायची. पगार होईपर्यंत तिला बसू द्या, एवढा अर्ज लिहून द्या.' मी अर्ज लिहिला. मुलीला बसू दिले. एका शिक्षिकेने स्वतःच्या पैशांतून तिला ड्रेस घेऊन दिला. असे शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु शिक्षिकेची बदली झाली असती तर? दयेवर चाललेली शाळा हा हक्क नव्हे. काळाराम मंदिराचे दार बंद होते म्हणून २ मार्च १९३० रोजी ज्या शहरात सत्याग्रह सुरू झाला, त्याच शहरात शाळेच्या फाटकावर कपडा पाहून मुलगी परतते, आणि आपण त्याला समतेचा गणवेश म्हणतो!

येथे कोणी विचारील, मग हिजाबाचे काय? प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. कर्नाटकाच्या आदेशावर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते दुभंगली, न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली, न्या. सुधांशू धुलिया यांनी ती रद्द ठरवली. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी इत्यादींवर घातलेल्या बंदीस ९ ऑगस्ट २०२४ रोजी अंतरिम स्थगिती मिळाली. धर्माची खूण अंगावर मिरवणे मला स्वतःला रुचत नाही, मग ते डोक्यावरचे वस्त्र असो की कपाळावरचे गंध. परंतु त्या मुलीला दारात अडवून तिचे वा तिच्या बापाचे मत बदलत नाही. तिची शाळा तेवढी सुटते. आणि बाप तर कदाचित त्याच निमित्ताची वाट पाहत असतो. जी कसोटी माझ्या टेबलाशी आलेल्या बाईंच्या मुलीला, तीच हिला: कपड्यापायी मूल शाळेबाहेर राहता कामा नये.

तेव्हा वाचकहो, हा विषय वर्तमानपत्रांच्या वादावर सोडू नका. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असे कलम २१ सांगते. गणवेशाचे पैसे आता याच समितीच्या हाती येतात. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे याची चौकशी करा. बैठकीला जा, नुसती सही करून परतू नका. पैसे कोणत्या तारखेस आले, कापड कोणत्या दुकानातून घेतले, मापे कोणी घेतली, याची नोंद मागा. यादी वर्गात वाचू देऊ नका. आणि नववी-दहावीच्या मुलांसाठीही ही तरतूद व्हावी, असा ठराव लिहून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. ठरावाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांना मी विनामूल्य लिहून देईन; मात्र शाळा उघडण्यापूर्वी या.