सिरसाळ्याचं केंद्र आणि न्हावाशेवाचं बंदर

परवा सातबारा काढायला आपल्या सिरसाळ्यातल्याच एका केंद्रावर गेलो होतो. समोर रांग, आत तीन कॉम्प्युटर, त्यातल्या दोनांवर विंडोज ७. अपडेट टाकल्यापासून बंद. विचारलं तर केंद्रवाला म्हणाला, "साहेब, अपडेट चालू केलं की मशीन लई स्लो होतंय. अन् ऐन गर्दीत रिस्टार्ट मारतंय. मानसं शिव्या देतात."

त्याचंही चूक नाही. पण मला २७ जून २०१७ आठवला. त्या दिवशी न्हावाशेवाला, म्हणजे जेएनपीटी बंदरात, मर्स्क समूहाचं गेटवे टर्मिनल ठप्प झालं होतं. कॉम्प्युटर बंद, कंटेनर जागेवर, बाहेर ट्रकांचा खोळंबा. 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि रायगड जिल्ह्यापर्यंत आला. मर्स्कने पुढे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं सांगितलं.

व्हायरस इतका पसरला त्यामागचं एक कारण विंडोजच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, एक चूक. आपल्या भाषेत सांगतो. गोदामात १०० पोत्यांची नोंद आहे. तपासणीत ९५ च खरी निघाली, म्हणून ९५ पोत्यांची जागा केली. आता नोंदीत १०० चे ९५ करायचे. कारकुनाने शेवटचे दोनच आकडे बदलले, पुढचा एक तसाच राहिला. नोंद झाली १९५! जागा ९५ ची, हमाल टाकतायत १९५. उरलेली पोती शेजारच्याच्या मालावर. फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीत, एसएमबी-१ मध्ये, अगदी हेच व्हायचं. मोठ्या आकड्याचा अर्धाच भाग बदलला जायचा आणि बाहेरून पाठवलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर सांडायचा. साध्या प्रोग्राममध्ये असं झालं तर सहसा तो प्रोग्राम बंद पडतो. कर्नलकडे मात्र सगळ्या घराच्या किल्ल्या असतात. तिथे सांडलेला मजकूर हुकूम द्यायला लागला की पासवर्डबिसवर्ड कोण विचारतो?

ही चूक अमेरिकेच्या एनएसएला आधीच माहीत होती. त्यांनी तिचं हत्यार केलं, 'इटर्नलब्लू', आणि तेच चोरीला गेलं. (एवढ्या मोठ्या खात्याला आपलं गोदाम सांभाळता आलं नाही, हे वेगळंच.) मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली १४ मार्चला. मे महिन्यात 'वॉनाक्राय' आला, त्यात आंध्रच्या पोलिसांचेही कॉम्प्युटर अडकले. तरी जूनमध्ये न्हावाशेवा बंद पडलंच. मध्ये साडेतीन महिने होते. बरं, नॉटपेट्या एका मशीनमध्ये शिरला की तिथून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलायचा आणि दुरुस्ती केलेल्या मशीनमध्येही घुसायचा. म्हणजे ऑफिसात एक मशीन जुनं असलं तरी पुरे.

आता आपल्या केंद्रात बघा. आधारच्या झेरॉक्सा, बँक पासबुकं, पीकविम्याचे अर्ज, सगळं डेस्कटॉपवर फोल्डर करून ठेवलेलं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे नवी चूक सापडली तर तिला मलम मिळण्याची खात्री नाही.

केंद्रवाल्यांनी आजच करण्यासारखं आहे ते असं. एसएमबी-१ बंद करा, ४४५ नंबरचा पोर्ट बाहेरच्या नेटला बंद ठेवा. त्याने जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन फोल्डरमध्ये यायचं थांबू शकतं, तेवढं पेनड्राइव्हवर भागवा. अपडेट रात्री दुकान बंद करताना लावा. कामाच्या फायलींची कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा, लावून ठेवलेली डिस्कही व्हायरस सोडत नाही.

पण सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. केंद्र मंजूर करताना जागा बघतात, बोर्ड बघतात, दरपत्रक बघतात. मग मशीनला सुरक्षेचे अपडेट मिळतात का, हे का बघत नाहीत? तालुक्याला महिन्यातून एक दिवस जाणकार माणूस बसवायला काय हरकत आहे? जनतेची कागदपत्रं सरकारी कामासाठीच तर तिथे जमा होतात ना.

त्या केंद्रवाल्याने संध्याकाळी एसएमबी-१ बंद केलं. मग फोनवर म्हणाला, "नवं मशीन घ्यायचं तर पैसे कोण देणार, ते पण लिहा की साहेब."

लिहिलंय. हाच प्रश्न या आठवड्यात परळी तहसीलला लेखी देतोय. ज्यांच्या केंद्रावर अशी जुनी मशीन असतील त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, नाव कुठेही देणार नाही.