यादी तुमच्याकडे, अर्ज मात्र त्यांनी करायचा!

प्रति,
श्री. पीट हेगसेथ,
संरक्षणमंत्री (सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या पाटीप्रमाणे युद्धमंत्री),
पेंटागॉन, व्हर्जिनिया

महोदय,

हे पत्र मराठीत आहे, तेव्हा दुभाषा शोधावा लागेल. सापडला नाही तर जुन्या फायली चाळा. १९९४ ते २००३ या दहा वर्षांत अरबी जाणणाऱ्या ५४ जणांना तुमच्या खात्याने समलिंगी म्हणून घरी पाठवलं होतं, आणि त्याच काळात अरबी कळणारी माणसं मिळत नाहीत म्हणून गळाही काढला होता. भाषा जाणणाऱ्यांना हाकलण्याचा अनुभव तुमच्याकडे दांडगा आहे. इंग्रजीत अर्ज करणाऱ्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे, म्हणून म्हटलं आपल्या भाषेत लिहून पाहावं.

मी फौजी नाही. अमेरिकेची नागरिक आहे, दर एप्रिलला कर भरते, आणि त्या करातून चालणाऱ्या खात्याला जाब विचारण्याचा हक्क मला आहे असं नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा सांगितलं गेलं होतं.

विषयाची ओळख करून देत नाही. समलिंगी असल्याचं उघड झालं की सैनिकाला काढणारा ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’ हा कायदा २० सप्टेंबर २०११ ला संपला हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधी या कारणाने काढलेल्यांच्या डिस्चार्जवर काय शिक्के मारले तेही ठाऊक आहे. प्रश्न एवढाच, की ते शिक्के पुसायला त्यांनी तुमच्या दारात का यायचं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे तुमच्या आधीच्या मंत्र्यांच्या काळात, खात्याने मोठ्या अभिमानाने एक आकडा जाहीर केला: ९६ टक्के. ‘डोन्ट आस्क’खाली काढलेल्या आणि शेरा मिळण्याइतकी नोकरी झालेल्या लोकांपैकी ९६ टक्क्यांकडे आता ऑनरेबल, म्हणजे सन्मान्य, डिस्चार्ज आहे. वाचून आनंद झाला. मग हिशेब मांडला आणि आनंद उतरला. त्या कायद्याखाली काढलेले सुमारे १३,५००. त्यातल्या बहुतेकांना ऑनरेबल डिस्चार्ज आधीपासूनच होता. खात्याने वर्षभर खपून स्वतःहून निकाली काढलेली प्रकरणं ८५१. त्यातली ८०० हून अधिक दुरुस्त केली. चांगलं केलंत, त्याबद्दल आभार. पण १९८० ते २०११ या काळात समलिंगी असल्याच्या कारणाने किंवा नुसत्या संशयाने काढलेल्यांचा खात्याचा स्वतःचा आकडा ३५,००० च्या वर आहे, आणि त्यातल्या सुमारे २९,००० जणांना ऑनरेबल डिस्चार्ज नाकारला गेला होता. हा आकडाही खात्याने आपण होऊन सांगितला नाही. माहितीच्या अधिकारात ओढून काढावा लागला, आणि २०२३ मध्ये सीबीएस न्यूजने तो छापला. तेव्हाच हेही बाहेर आलं, की तोवर दाद मिळालेले लोक होते १,३७५. त्या ३५,००० मधले शंभरात चारही नाहीत. बंदी उठून तेव्हा बारा वर्षं होत आली होती.

म्हणजे ९६ टक्के हे लहान ढिगाचे, आणि मोठा ढीग बाजूला. १९९४ च्या आधी, म्हणजे तो कायदा लागू होण्यापूर्वी, काढलेल्यांकडे त्या स्वयंस्फूर्त पाहणीत कुणी वळूनही पाहिलं नाही. एकट्या १९८० च्या दशकात सुमारे १७,००० जण गेले, आणि हा आकडा तर काँग्रेसच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने १९९२ मध्येच काढून ठेवला होता. त्याही आधीचे, दुसऱ्या महायुद्धातले, निळ्या कागदावर डिस्चार्ज मिळालेले, सन्मान्यही नाही आणि अपमानास्पदही नाही असे अधांतरी लटकवलेले. लष्कराने डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात असे ४८,००० हून जास्त निळे कागद वाटले. सगळेच समलिंगी म्हणून नव्हेत; काळ्या सैनिकांनाही ते भरभरून दिले, शंभरातले बावीस, जेव्हा लष्करात त्यांचं प्रमाण सात टक्केही नव्हतं. नको असलेला माणूस गुन्हा सिद्ध न करता घालवण्याचं ते सोयीचं साधन होतं. या मंडळींसाठी तुमचं उत्तर काय? अर्ज करा.

आता अर्जाचं सांगते, कारण खरा संताप तिथं आहे.

डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे जायचं तर नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षांच्या आत जावं लागतं. साधी बेरीज करा. १९८५ मध्ये काढलेल्याची मुदत २००० मध्ये संपली. १९९४ मध्ये काढलेल्याची २००९ मध्ये. बंदी उठली २०११ मध्ये. ज्या नियमाखाली माणसाला काढलं तो नियम जिवंत असतानाच त्या नियमाविरुद्ध दाद मागायची मुदत मेली. सप्टेंबर १९९६ च्या आधी बाहेर पडलेल्या एकाही माणसाला या बोर्डापुढे ‘तो नियमच आता रद्द झाला’ असं म्हणण्याची संधी एका दिवसासाठीसुद्धा मिळाली नाही. ज्याने ही व्यवस्था आखली त्याला या गोष्टीची गंमत वाटली असेल का, हे विचारायचा मोह होतो.

मग उरतं दुसरं बोर्ड, रेकॉर्ड दुरुस्तीचं. फॉर्म डीडी १४९. तिथं मुदत तीन वर्षांची, पण ‘न्यायाच्या हितासाठी’ ती माफ करण्याची कृपा बोर्ड करू शकतं. २०११ मध्ये खात्याने या बोर्डांना लेखी सांगितलं, की केवळ समलिंगी असल्यामुळे काढलं असेल आणि ‘गंभीर करणारी बाब’ फायलीत नसेल तर सामान्यतः दुरुस्ती करून द्यावी. सामान्यतः! आणि ती गंभीर बाब फायलीत कुणी लिहिली? त्याच तपासनिसांनी, ज्यांचं काम माणसाला कोंडून इतर समलिंगी सैनिकांची नावं वदवून घेणं हे होतं. तेव्हाच्या तपासाच्या शब्दांवर आजही भरवसा, आणि त्या तपासाला बळी पडलेल्याने मात्र पुरावा आणायचा.

पुरावा म्हणाल तर १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळच्या सरकारी रेकॉर्ड केंद्रात आग लागली. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या फायलींपैकी सुमारे ८० टक्के तिच्यात गेल्या. जळाल्या सरकारच्याच इमारतीत. आणि नव्वदी गाठलेल्या म्हाताऱ्याने, किंवा त्याच्या मागे राहिलेल्या भाचीने, कोणत्या कारणाने काढलं ते दाखवणारा कागद जोडायचा. देवा!

ज्यांना लष्करी न्यायालयात शिक्षा झाली त्यांच्यासाठी जून २०२४ मध्ये माफी जाहीर झाली. लष्करी न्यायसंहितेच्या कलम १२५ खाली १९५१ ते २०१३ या काळातल्या परस्परसंमतीच्या संबंधांसाठी, अंदाजे २,००० लोकांना. पण माफीनेही डिस्चार्ज बदलत नाही. आधी माफीच्या दाखल्यासाठी अर्ज, दाखला आला की डिस्चार्जसाठी दुसरा अर्ज. गुन्हा नव्हता हे सरकारने मान्य केल्यावरही फेऱ्या दोन.

आणि डीडी २१४, म्हणजे नोकरी सुटल्याचा दाखला. ज्यांचा डिस्चार्ज ऑनरेबल आहे त्यांच्याही कागदावर कारणाच्या रकान्यात समलिंगी वर्तन असं छापलेलं, नाहीतर त्याचा सांकेतिक कोड. नोकरीच्या मुलाखतीला, घरकर्जाला, फौजींच्या सवलतीला हाच कागद पुढे करावा लागतो. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल विचारू नये असा तुमचाच कायदा होता, ती सांगितल्यावाचून हा माणूस बँकेच्या काउंटरवरून हलू शकत नाही. ज्यांच्या डिस्चार्जवर ‘जनरल’ हा ऑनरेबलपेक्षा खालचा शेरा आहे त्यांना तर माजी सैनिकांच्या ‘जीआय बिल’ योजनेतून कॉलेजची फी मिळत नाही.

यासाठी माजी सैनिकांना ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयात सामूहिक दावा लावावा लागला. २०२५ च्या सुरुवातीला खात्याने समझोता केला. ऑनरेबलवाल्यांच्या कागदावरचं कारण काढून टाकण्याची सोपी वाट, इतरांसाठी गटाने फेरतपासणी. भरपाई शून्य. आणि खातं हललं ते कोर्टात खेचल्यावर.

खर्चाचंही बोलू, करदात्याला तेवढाच अधिकार. २००४ ते २००९ या वर्षांत ३,६६४ जणांना या कायद्याखाली काढायला १९.३३ कोटी डॉलर लागले, माणशी सुमारे ५२,८०० डॉलर. हाकलायला एवढे पैसे होते. दुरुस्त कागद पाकिटात घालून पाठवायला टपालाचं तिकीट किती लागतं?

खात्याला वेगाने काम करता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. नावं बदलण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही. फोर्ट ब्रॅगचं २०२३ मध्ये फोर्ट लिबर्टी झालं होतं, तुम्ही पदावर आल्यावर महिन्याभरात ते पुन्हा ब्रॅग. खात्याचं स्वतःचं नाव एका सहीने, काँग्रेसची वाटही न पाहता. आणि जून २०२५ मध्ये, तोही समलिंगींच्या अभिमानाचा महिना गाठून, ‘यूएसएनएस हार्वे मिल्क’ या जहाजावरून मिल्क यांचं नाव उतरलं. ज्या ऑस्कर पीटरसन यांचं नाव तिथं आलं त्यांच्या शौर्याबद्दल शब्द नाही. कोरल समुद्रातल्या लढाईत त्यांनी जे केलं त्याला जहाज शोभतंच, आणि त्यांच्यासाठी दुसरं जहाज मिळालं नसतं असंही नाही. पण मिल्क कोण होते? कोरिया युद्धाच्या काळातले नौदल अधिकारी, पाणबुड्यांच्या बचावजहाजावर काम केलेले. १९५५ मध्ये कोर्टमार्शल की राजीनामा असा पेच घालून त्यांना काढलं आणि हाती ऑनरेबलपेक्षा खालचा डिस्चार्ज दिला. सत्तर वर्षांनी त्याच नौदलाने त्यांना दुसऱ्यांदा काढलं. अर्ज कुणी केला होता यासाठी? कोणता फॉर्म भरला होता? मुदत किती होती?

ब्रिटनकडे पाहा. तिथली बंदी १२ जानेवारी २००० ला उठली, तीही युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने थोबाडीत मारल्यावर. पण जुलै २०२३ मध्ये त्या बंदीच्या परिणामांवरचा एथर्टन अहवाल आला आणि पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. पुढच्या वर्षी साडेसात कोटी पाउंडांचा निधी ठरला. बडतर्फ झालेल्यांना ५०,००० पाउंड. हिरावलेली पदकं परत. उशिराच, पण ‘चूक आमची’ हे वाक्य तिथल्या सरकारच्या तोंडून निघालं.

(कुणी म्हणेल, बाई, आधी तुमच्या मायदेशाचं पाहा. पाहिलं आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कलम ३७७ मधून परस्परसंमतीचे समलिंगी संबंध वगळले आणि चारच महिन्यांनी तिथल्या लष्करप्रमुखांनी सैन्यात हे चालणार नाही म्हणून सांगितलं. त्यांना वेगळं पत्र.)

जानेवारी २०२५ च्या आदेशाने तृतीयपंथी सैनिकांना काढायला सुरुवात झाली आहे आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तूर्त चालू ठेवायला वाव दिला. त्या निर्णयावर तुमच्याशी वाद घालून उपयोग नाही. एकच विनंती आहे: या वेळी फायली नीट ठेवा. तीस वर्षांनी कुणीतरी तुमच्या खुर्चीत बसून यांनाही अर्ज करायला सांगेल, तेव्हा निदान आगीचं कारण नको.

मागणी अवघड नाही. १९८० पासूनच्या लोकांची नावं, क्रमांक, कारणाचे कोड तुमच्या संगणकात आहेत. त्यावरूनच तर ३५,००० चा आकडा निघाला. त्या यादीतल्या प्रत्येकाची फाइल अर्जाविना उघडा. ज्यांना दुरुस्ती नाकारायची असेल त्यांच्याबद्दल पुरावा खात्याने द्यावा, त्यांनी नव्हे. जळालेल्या फायलींच्या बाबतीत संशयाचा फायदा सैनिकाला. जे गेले त्यांचा दुरुस्त कागद वारसाच्या पत्त्यावर. आणि दर महिन्याच्या शेवटी किती फायली उघडल्या, किती दुरुस्त झाल्या, किती नाकारल्या आणि का, हे टक्क्यांत न सांगता माणसांच्या आकड्यांत जाहीर करा. पहिला आकडा येत्या महिन्याच्या ३० तारखेला पाहायला मिळावा.

आपली,
एक करदाती, न्यू जर्सी